जावईबापूंच्या घशातलं हाड

रामटेके मामा पेशंटला "आ करा" म्हणायचे ते घसा बघायला नव्हे, वास घ्यायला. सकाळी नऊ वाजता दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसं उपाशीपोटी बसलेली असत. निदान आम्ही तसं सांगितलेलं असे. मामा एका टोकापासून सुरुवात करत, प्रत्येकापुढे वाकत, नाक पुढे करत आणि निकाल देत. "चहा. अद्रकवाला." पुढचा. "खर्रा. आत्ताच गेटवर थुकला." पुढची एक म्हातारी. "आजी, तुमी पोहे खाल्ले." आजी शपथेवर सांगायची, "नाई रे बापा, कालपासून पान्याचा थेंब नाई पोटात." मामा नुसतं तिच्या पदराकडे बोट दाखवायचे. पदराला कोथिंबीर चिकटलेली असायची.

दुर्बीण म्हणजे एंडोस्कोपी. तोंडातून एक लांब नळी आत घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, आणि अन्ननलिका, जठर सगळं पडद्यावर दिसतं. पोटात काही असलं तर ते उलटून फुप्फुसात जाण्याची भीती, म्हणून उपाशी यायचं. पण आमच्या जिल्ह्यात उपाशी राहण्याचे आपले वेगळे नियम आहेत. चहा म्हणजे काही खाणं नव्हे. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर थुंकूनच टाकतात, मग तो खाण्यात कसा येईल? आणि गाडीत बसायच्या आधी सुनेने हातावर ठेवलेले मूठभर पोहे, ते कोण मोजतं? मामा चिडत नसत. म्हणत, "खोटं बोलाले माही ना नाई. पन नळी टाकाच्या आधी नको बोलू. बाहेर गेल्यावर दिवसभर बोल."

मी या खोलीत नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मामांना तिथं पंधरा वर्षं होऊन गेली होती. कागदावर ते अटेंडंट. प्रत्यक्षात खोली त्यांची, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे कामाला. आमचे सर मोठ्या शहरात शिकून आलेले, हात अगदी हलका, पण अवघड जागी नळी अडली की सरांची नजर आधी पडद्यावर आणि मग मामांवर जायची. मामा नुसती मान हलवायचे. चारचौघांत ते मला 'सिस्टर' म्हणत, एकटी असले की 'पोरी', आणि चुकले की 'येडपट'. पहिला महिनाभर मी येडपटच होते.

मामांच्या नाकाचं कौतुक सगळ्यांना होतं, पण त्यांचं खरं कसब सुईत होतं. अन्ननलिकेला कधी कधी भोक पडतं. मग गिळलेली थुंकी, पाणी, अन्न सगळं त्या भोकातून छातीत झिरपतं आणि तिथं पू साठतो. पूर्वी अशा माणसाची छाती उघडावी लागे, आणि उघडूनही बरेच जण हाती लागत नसत. आता भोक ताजं असलं तर दुर्बिणीतूनच छोट्या क्लिपा लावून मिटवता येतं. शिळं होऊन कडा कुजल्या की क्लिप धरत नाही. मग स्पंज. नाकातल्या नळीच्या टोकाला स्पंजचा तुकडा शिवायचा, तो दुर्बिणीने नेऊन त्या पोकळीत बसवायचा आणि नळीचं बाहेरचं टोक सक्शनच्या मशीनला जोडायचं. मशीन घाण ओढून घेत राहतं आणि पोकळी आक्रसत जाते. तीन-चार दिवसांनी स्पंज बदलायचा, दर वेळी थोडा लहान.

तयार स्पंज आमच्याकडे येत नसे. मामा ड्रेसिंगचा फोम ब्लेडने कापत आणि काळ्या रेशमी दोऱ्याने नळीवर शिवत. सर माप सेंटिमीटरमध्ये सांगत. मामा ऐकून घेत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "म्हंजे लिंबू." त्यांच्याकडे चारच मापं होती: लिंबू, आवळा, बोर आणि चिंचोका. नातेवाइकांनाही ते तसंच सांगत. "मागच्या खेपेले आवळा होता, आज बोर टाकलं. चिंचोक्यावर आलं का घरी." सरांनी चित्र काढून अर्धा तास समजावलेलं जे कुणाला कळत नसे, ते एवढ्यात कळे.

भोकं पडण्याची कारणं अनेक, पण आमच्याकडे पहिला नंबर सुक्या भाकरीचा. मटणाचं हाड घशात अडकलं की घरातलं कुणी ना कुणी भाकरीचा मोठा घास पुढे करतं. चावायचा नाही, तसाच गिळायचा, म्हणजे हाड खाली जातं. कधी कधी जातंही. आणि कधी ती भाकर हाडाला अन्ननलिकेच्या भिंतीतून आरपार दाबते. असा माणूस आला की मामा त्याला सोडत नसत. "हाड म्हंजे खिळा. थो नुसता टेकून होता. तू वरून हातोडा हानला. अन् एका हातोड्यानं भागलं नाई म्हून वरून केळंबी गिळलं! काऊन? तुले कोनी बक्षीस देनार होतं?" हा तास मी शंभरदा तरी ऐकला असेन. हातवाऱ्यांसकट पाठ होता मला.

तर एका सोमवारी मामा गप्प होते. बाकावरच्या कुणालाही त्यांनी तोंड उघडायला लावलं नाही. एक जण बिनधास्त उकडलेलं अंडं खाऊन आत आला आणि ते आम्हाला पडद्यावर कळलं. मी विचारलं तर "सर्दी हाय" म्हणाले. दहाचा चहा आला, तो त्यांनी खिडकीत ठेवून दिला. मंगळवारी तेच, वर गळ्याभोवती दुपट्टा. मे महिना. वर्ध्याच्या उन्हात लोक दुपट्टा डोक्याला बांधतात, गळ्याला गुंडाळून कोण येतं? शिवाय दर दोन मिनिटांनी बेसिनपाशी जाऊन थुंकणं चाललेलं.

"मामा, चहा घ्या की."

"उपास हाय."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक उपास केला नाही, करणाऱ्यांची टिंगल सोडली नाही, त्याला उपास! "कसला उपास?" मी विचारलं. "मंगळवारचा," मामा म्हणाले, आणि बोलताना त्यांचा चेहरा कळवळला. मी सरळ दुपट्टा ओढून काढला. मान सुजली होती. बोटांनी दाबून पाहिली तर कातडीखाली कुरकुरलं. आत हवा भरली की असं कुरकुरतं, आणि ती हवा तिथं कुठून येते हे मला मामांनीच शिकवलेलं.

"किती भाकर गिळली?"

"कोन? मी? मी गिळीन का भाकर?"

"मामा!"

त्यांनी नजर फरशीकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाले, "दोन घास."

"आणि?"

"अन् एक केळं."

मला आधी हसू फुटलं, हे कबूल करते. आणि मग मी स्ट्रेचर आणायला धावले, कारण दोन दिवस उलटून गेलेले होते.

स्ट्रेचरवर जाता जाता त्यांनी सगळं सांगितलं. अल्लीपूर ही त्यांची सासुरवाडी. तिथं त्यांना कुणी अटेंडंट म्हणत नसे. तिथं ते 'डाक्टर' होते. रविवारी मेहुण्याकडे मटणाचा पाहुणचार, अंगणात पंचवीस माणसं जेवायला, आणि जावयाचं ताट सगळ्यांच्या आधी. मामा रंगात आले होते. भाकर गिळून भोक पाडून घेणाऱ्या एका पेशंटची गोष्ट सांगत होते, स्वतःच हसत होते, आणि हसता हसता त्यांच्याच घशात हाड गेलं. ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी जावयाचा चेहरा बघितला, उठल्या आणि टोपल्यातून भाकर घेऊन आल्या. "गिळा जवाईबापू, आत्ता खाली जाते."

"पंचवीस लोक पाहून राह्यले होते, पोरी," मामा म्हणाले. "म्हातारी हात पुढं करून उभी. तिले नाई कसं म्हनू? अन् मायाच घशात अडकलं, हे तरी कोन्या तोंडानं सांगू? आत्ताच तं दुसऱ्यावर हासत होतो."

मामी धावतपळत आल्या, नवऱ्याला बघून रडल्या, आणि डोळे पुसून होताच म्हणाल्या, "वीस वर्षं लोकाइच्या घशात नळ्या टाकून राह्यले, अन् अक्कल एका घासात गिळली!" मामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना उत्तर द्यायची ताकद नव्हती, नाहीतर दिलं असतं.

स्कॅनमध्ये सगळं दिसलं: हाड, भोक आणि भोकाशेजारी पुवाची पोकळी. सर मामांपाशी खुर्ची ओढून बसले. "हाड काढतो. पण कडा कुजल्यात, क्लिप धरणार नाही. स्पंज लावू. पोकळी लहान होत गेली तर ठीक. नाही तर छाती उघडावी लागेल, आणि तुमची साखर बघता..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. ऑपरेशनला गेलेल्यांपैकी कोण परत आलं आणि कोण नाही, हे मामांना सरांपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी एकच विचारलं, "स्पंज कोन शिवन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आजवर सुया उचलून दिल्या होत्या, दोरा कापला होता, फार तर ब्लेड धरलं होतं. त्यांच्याच खाटेशेजारी स्टुलावर बसून मी फोम कापला, शिवला आणि दाखवला. मामांनी दोन बोटांनी ओढून बघितलं. "गाठ ढिली हाय. उसव."

"मामा, तुम्हाला एकशेतीन ताप आहे."

"ताप मले हाय, दोऱ्याले नाई. उसव."

तीनदा उसवायला लावलं. तिसऱ्यांदा मला रडू आलं तेव्हा म्हणाले, "आत सुटला तं मी जाईन, पन तू जलमभर रडशीन. त्यापेक्षा आत्ता रड अन् उसव." चौथ्यांदा त्यांनी ओढून बघितलं आणि मान हलवली. लिंबू पास झालं.

सरांनी हाड काढलं, अंगठ्याच्या नखाएवढं, तीन कोनांचं. मग स्पंज आत न्यायची वेळ आली. पोकळीच्या तोंडाशी तो अडला आणि सरांची नजर सवयीने बाजूला गेली. तिथं मी होते. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही ठाऊक नव्हतं, पण सरांनी पुढे ढकललं आणि स्पंज बसला.

त्यानंतर मामा वॉर्डात. एका नाकपुडीत सक्शनची नळी, दुसरीत थेट आतड्यात दूध आणि औषधं पोचवणारी. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस हातात डझनभर केळी घेऊन येई. मामा ती पिशवी बघून भिंतीकडे तोंड फिरवत. "सिस्टर, हे केळं इथून घेऊन जा. मायावर हासून राह्यलं थे." सासुरवाडीला त्यांनी निरोप धाडला होता की अल्सर फुटला. मामींनाही तंबी दिली होती. "म्हातारीले समजलं तं थे जीव देईन." म्हातारीचा उलट निरोप आला, जावईबापूंना अशक्तपणा असेल, भाकर चुरून द्या.

पहिल्या बदलीला पोकळी लहान झाली. लिंबाचा आवळा झाला आणि ताप उतरला. मामी हसल्या, मी हसले, वॉर्ड झाडणाऱ्या बाईलाही आनंद झाला. दुसऱ्या बदलीच्या वेळी मात्र पोकळी तेवढीच होती. तिसऱ्या वेळीही. ताप परत चढला. सर हात धुताना फार वेळ लावायला लागले. मामा गुंगीतून जागे झाले की पहिला प्रश्न ठरलेला, "बोर?" मी म्हणाले, "आवळा." त्यांनी खूण करून मला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "पोरी, छाती उघडाची वेळ आली तं मामीले तू सांगजो. सराइवर नको ठेवू. त्याइले असं सांगता येत नाई."

मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. मला त्यांचा राग आला होता. पंचवीस माणसांपुढची शान राखायला या शहाण्याने जीव पणाला लावला होता, आणि माझे टाके त्याला पुरे पडत नव्हते. परत आले तर मामा म्हणाले, "काढलेला स्पंज कुठं हाय? दाखव."

"मामा, तो घाण आहे."

"माहीच घान हाय. दाखव."

मी हातमोजा घालून डबीतला स्पंज समोर धरला. त्यांनी मान वाकडी करून, जवळून, दुरून, सगळीकडून बघितला. आणि एकदम आवाज चढला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "येडपट! हे पाय. नळीले बाजूनं भोकं असते नं? लिंबू होतं तवा सारे भोकं स्पंजाच्या आत होते. तू स्पंज लहान केला, नळी तशीच ठेवली. एक भोक बाहेर राह्यलं. मशीन तिथूनच हवा ओढून राह्यलं. पोकळीतलं कायले ओढीन थे?"

खरंच एक भोक उघडं होतं, डोळ्यासमोर. मशीन बिचारं दिवसरात्र थुंकी ओढत बसलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणाले, "मामा, माझ्यामुळे..." त्यांनी हात वर केला. "म्या तुले कधी सांगतलंच नाई. लहान स्पंज मीच शिवत होतो." मग मला मशीनने कापल्यासारखी नळी कापायला शिकवली: टोक छाटायचं, उरलेली भोकं मोजायची, सगळी आत गेली की मगच पहिला टाका. सर दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून पोकळी भरत गेली. बोर. पुन्हा बोर, पण बारकं. मग चिंचोका. चिंचोका शिवताना माझी सुई बोटात शिरली तेव्हा मामा म्हणाले, "आता तू शिकली."

शेवटच्या परीक्षेला निळं पाणी पाजतात. भोक उरलं असेल तर निळा रंग सक्शनच्या बाटलीत उतरतो. त्याच सकाळी अल्लीपूरहून सगळी सासुरवाडी येऊन थडकली, आणि मध्ये मेहुण्याच्या हाताला धरून म्हातारी. ग्लास बघून तिने विचारलं, "माय वं, हे काय पाजून राह्यले जवाईबापूले? नीळ?" मामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. आम्ही सगळे बाटलीकडे बघत बसलो. पाच मिनिटं. दहा. पंधरा. बाटलीत निळं काही आलं नाही. सर म्हणाले, "मिटलं," आणि मी सरळ रडले, कुणाची लाज न धरता.

म्हातारीने जावयाच्या तोंडावरून हात फिरवला. "अल्सर बरा झाला नं, जवाईबापू? घरी चाला. मऊ भाकर करून देतो."

मामा एकदा मामींकडे बघून घेऊन म्हणाले, "आत्याबाई, अल्सर नोता. हाड अडकलं होतं. त्याच्यावर भाकर गिळली म्हून भोक पडलं." म्हातारीचा हात तसाच राहिला. मामा घाईघाईने पुढे म्हणाले, "तुमी मायेनं देल्ली, तुमाले का माहीत? मले माहीत होतं. तरी गिळली. एवढ्या लोकाइत कसं सांगू म्हून गिळली. चूक माही हाय. पन आता कोनाले देऊ नका."

म्हातारीने हात मागे घेतला. मला वाटलं आता ही कोसळते. आणि तीस वर्षं ज्याला तिने 'अहो' आणि 'बापू' यांच्याशिवाय हाक मारली नव्हती, त्याच्यावर ती कडाडली, "मंग तवाच सांगाचं होतं नं, बह्याडा! लोक पाहून राह्यले तं पाहू द्याचे होते! थे का तुया घशात उतरनार होते?" मेहुणा हबकला. मामींनी पदर तोंडाला लावला. मामा आधी खाली बघत होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि छाती धरून ते इतके हसले की सरांनी त्यांना दम दिला. म्हातारी मात्र हसत नव्हती. ती खाटेच्या कडेला बसून त्यांचा हात दाबत होती आणि रडत होती.

मामा पुन्हा कामावर आले आणि पुढच्या वर्षी रिटायर झाले. आता बोरगावला घरी असतात. पण त्याआधीची एक दुपार मला कधी विसरता येणार नाही. केळझरचा एक माणूस घाईघाईने आत आला, दुपट्ट्यात थुंकी झेलत. अल्लीपूरला कुणाच्या बारशाला पाहुणा म्हणून गेला होता, जेवताना हाड अडकलं, तासाभरात तो आमच्याकडे. सरांनी दहा मिनिटांत हाड काढलं. आत साधा ओरखडाही नव्हता. मी विचारलं, "भाकर नाही गिळलीत?"

"गिळनार होतो," तो म्हणाला. "पन एका म्हातारीनं टोपलंच उचललं अन् मांडीवर घेऊन बसली. गाडी येईपर्यंत भाकरीले हात लावू देल्ला नाई. माया पोरानं हात घातला तं त्याच्या हातावर फटका देल्ला. कोन होती माहीत नाई बापा, लय खट म्हातारी."

मामा ते हाड चिमट्याने बाटलीत टाकत होते. त्यांनी सावकाश झाकण लावलं, हात पुसले, शर्टाची कॉलर सरळ केली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माही सासू हाय थे."